सहा महिने शिल्लक हवेत

सकाळी ७.१०
कळवा स्टेशन. ऑगस्टचा पाऊस. ताई छत्री मिटतात, पिशवी पोटाशी धरतात आणि लेडीज डब्यात शिरतात. ठाणं एकच स्टेशन, तिकीट ५ रुपये. पिशवीत स्टीलचा डबा आहे, दिवाळीत चकल्या ठेवतात तसला. डब्यात झिपची पिशवी आणि पिशवीत २४ पासपोर्ट. रात्री ते दुकानात ठेवत नाहीत. शटरला कुलूप आहे, पण भिंतीला ओल येते.

"पैसे हरवले तर माझे जातील. हे हरवले तर सरकारचे," ताई म्हणतात. खरं आहे. ही पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे, असं पासपोर्टात छापलेलंच असतं. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग नव्या पुस्तिकेची ३,००० रुपये फी. आणि ज्याचा हरवला त्याची सहल ठरलेली असेल, तर तिचं काय ते देव जाणे.

नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. गल्लीत त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तेच लिहितो.

७.४०
दुकान नौपाड्यात, आठ फूट बाय सात. पाटीवर चारच शब्द: पासपोर्ट, व्हिसा, फोटो, झेरॉक्स. शटर अर्ध्यावर अडतं, मग खांद्याने रेटावं लागतं. आत शिरल्यावर पहिलं काम उदबत्ती नाही, स्कॅनरची काच. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यासाठीच ठेवलाय. काचेवर एखादा केस राहिला तर स्कॅनवर रेघ उमटते. ती नेमकी नंबरावर उमटली की कागद परत.

मग फोटोमागचा पांढरा पडदा. तो दर रविवारी घरी धुतात, निळीशिवाय. निळीने पांढऱ्याला छटा येते आणि व्हिसाच्या फोटोला ती चालत नाही. प्रिंटर सुरू होतो, कुरकुरतो, एक चाचणीचा कागद वाया घालवतो. तो कागद ताई टाकत नाहीत. पाठीमागे हिशेब लिहायला होतो.

भाडं महिन्याला १६,००० रुपये. हाताखाली एक पोरगा, पगार १३,०००. तो साडेआठला येतो, बदलापूरहून. आज गाड्या उशिरा आहेत, त्याचा फोन येऊन गेलाय.

८.२५
ही वेळ घाईवाल्यांची. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात ज्यांची सव्वानऊची, साडेनऊची वेळ असते ते रिक्षा उभी ठेवून धावत येतात. वीजबिलाची झेरॉक्स राहिलीय. आधारची मागची बाजू राहिलीय. एका पानाचे ३ रुपये. पाचशेची नोट पुढे येते. ताई सुट्टे मागत नाहीत, क्यूआर कोडच्या पुठ्ठ्याकडे बोट करतात.

एक तरुण जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन आलंय. मोठ्यांचा फोटो केंद्रातच काढतात, पण चार वर्षांखालच्या मुलांचा घरून न्यावा लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, मागे पांढरं. डोळे उघडे हवेत आणि फोटोत आईचा हात दिसता कामा नये. ताई पांढरी चादर स्टुलावर पसरतात, बाळाला त्यावर निजवतात आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून वरून फोटो काढतात. बाळ झोपतं. पायाला गुदगुल्या. बाळ रडतं. थांबायचं. बाप किल्ल्या वाजवतो. अकराव्या क्लिकला डोळे उघडे आणि तोंड बंद, दोन्ही एकदम मिळतं.

"फी किती?" आई विचारते.

"लहान मुलांच्या नव्या पासपोर्टची हजार. आठ वर्षांखाली दहा टक्के सूट, म्हणजे नऊशे. ती तुम्ही सरकारी साइटवर भरलीय. मला फक्त फोटोचे शंभर द्या. आणि दोघांच्या सह्यांचा तो ॲनेक्शर डी घेतलात ना?"

तो गाडीत राहिलाय. बाप पावसात पळतो.

दिवाळीत बोटीवर जायचंय, आई सांगते. ताई बाळाचं वय विचारतात. तीन महिने. म्हणजे तोवर सहा पूर्ण होतीलच असं नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक जहाजं घेत नाहीत. हे बुकिंग करणाऱ्याने सांगितलं होतं का? नव्हतं.

१०.००
आजचं मोठं काम. नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांचा एक गट दसऱ्यानंतर सिंगापूरला निघालाय. तिथून जहाज, तीन रात्री, पेनांग आणि पोर्ट क्लांग, परत सिंगापूर. डब्यातले २४ पासपोर्ट त्यांचेच. गटाचे चिटणीस काका आधीच येऊन बाकावर बसलेत, मांडीवर यादी. माणशी २०० रुपये ठरलेत. ताईंनी तीनशे सांगितले होते, काकांनी निवृत्त बँकवाल्याला शोभेल अशी घासाघीस करून दर पाडला.

ताई चष्मा बदलतात. डाव्या हाताला न तपासलेले, उजव्या हाताला तपासलेले. मध्ये सहा इंची पट्टी आणि पेन्सिल. पासपोर्टाजवळ पेन ठेवत नाहीत.

प्रत्येक पुस्तिकेचा क्रम एकच. आधी मुदत. परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने शिल्लक हवेत. बोटांवर मोजतात, मग कॅलेंडरवर पुन्हा मोजतात. मग कोरी पानं. मग सही. मग शिवण, कोपरे, ओल लागली का, नातवंडाने काही काढलंय का. शेवटी नाव, आणि तिथे खरा वेळ जातो.

पासपोर्टात नावाचे रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. आपल्याकडे नावं तीन. बायकांची तर लग्नाआधीची तीन, नंतरची तीन. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. एका काकूंच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच, तिन्ही शब्द खालच्या रकान्यात. विमानाच्या तिकिटाला आडनाव लागतं, मग बुकिंगवाला स्वतःच्या मनाने शेवटचा शब्द उचलतो आणि तिकीट एक सांगतं, पासपोर्ट दुसरं. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना घेणंच बंद केलंय.

ताई यादीवर पेन्सिलीने खूण करतात. "काका, यांचं तिकीट काढण्याआधी मला विचारायचं."

"काढलंय."

ताई काही बोलत नाहीत. यादीवर दुसरी खूण करतात.

जन्मतारखांचा ढीग गमतीचा आहे. चोवीसपैकी सात जण १ जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली तारीख. कुणी भर पावसाळ्यात जन्मलं, कुणी संक्रांतीला, कागदावर सगळे १ जूनचे. पण ती एकदा पासपोर्टात बसली की तीच खरी.

काका विचारतात, "मलेशियाचा व्हिसा कधी टाकायचा?"

"लागत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला सूट आहे. सिंगापूरचा लागतो. आणि तो मल्टिपल हवा."

का, ते ताई सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगतात, टेबलावर बोट फिरवून. विमानाने सिंगापुरात उतरलात, ही एक एंट्री. जहाज बंदरातून सुटलं म्हणजे तुम्ही देशाबाहेर. तीन दिवसांनी जहाज परत आलं, ही दुसरी. आपल्याला वाटतं, जिथून निघालो तिथेच आलो. शिक्का मारणाऱ्याला तसं वाटत नाही. युरोपातही तेच. बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनाला परत येणारी बोट मध्ये तुर्कस्तानात थांबली की शेंगेन एकदा सुटलं. पुन्हा आत यायला दुसरी एंट्री.

सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज ताई स्वतः पाठवू शकत नाहीत. तो मान्यताप्राप्त एजंटामार्फत जातो. ताई फाइल बांधतात: फॉर्म १४ए, फोटो, पासपोर्टाची प्रत, तिकिटं, जहाजाचं बुकिंग. या गटाच्या फायली निघण्याच्या आधीच्या महिन्यात जातील. तेव्हा पासपोर्ट आज तपासून परत. काका एकेक मोजून पिशवीत टाकतात. तेवीस भरतात.

"एक?"

"तो इथेच राहू दे. दुपारी वागळेला न्यायचाय."

११.२०
गटाचे फोटो. सिंगापूरला ३५ बाय ४५ मिलिमीटर, चकचकीत नाही, मॅट. हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा २५ ते ३५ मिलिमीटर. भिंतीवर ताईंनी तक्ता चिकटवलाय: सिंगापूर, शेंगेन, अमेरिका, चीन. प्रत्येकाचं माप, प्रत्येकाचा हट्ट. अमेरिकेला चौकोनी, दोन इंच बाय दोन इंच, आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्याशिवाय.

आजोबा मंडळी पांढरा सदरा घालून येतात. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा, म्हणजे फोटोत नुसतं डोकं तरंगतं. त्यासाठी खुंटीवर काळा कोट आहे, ताईंच्या यजमानांच्या लग्नातला. बगलेत उसवलाय, पण फोटो छातीपर्यंतच. एक आजोबा उतरवतात, दुसरे चढवतात. नौपाड्यातल्या निम्म्या आजोबांच्या व्हिसावर हा एकच कोट निघेल.

चार फोटोंचे १५० रुपये. शाईचा भाव गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय, फोटोचा ताईंनी वाढवला नाही. समोरच्या गल्लीत १२० ला काढून देणारा बसलाय.

१२.३०
तीन गिऱ्हाइकं, तीन जहाजं.

पहिलं जोडपं मुंबई-गोवा क्रूझवर निघालंय. पासपोर्ट लागेल का? नाही. बोट देशातच फिरते. सरकारी फोटो ओळखपत्र मूळ न्या, मोबाइलमधला फोटो नको. पण बुकिंग बायकोच्या सासरच्या नावाने आणि आधार माहेरच्या. "आधार बदलायच्या फंदात पडू नका. बुकिंगवाल्याला फोन करा, नाव तो बदलेल." फी? काही नाही. त्यांनी दोन झेरॉक्स काढल्या, ६ रुपये.

दुसरे एक निवृत्त गृहस्थ. मुलगा न्यू जर्सीला. मायामीहून बहामाची बोट ठरलीय आणि मुलाने कळवलंय, पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखल्यावर जाता येतं. म्हणून ते जन्मदाखला लॅमिनेट करायला आलेत. ताई तो हातात घेतात, पण मशिनमध्ये घालत नाहीत.

"तुमचा नातू तिथे जन्मलाय?"

"हो."

"मग त्याला चालेल. अमेरिकन नागरिकाला, आणि बोट त्यांच्याच बंदरातून निघून त्याच बंदरात परत येणार असेल तर. तुम्हाला नाही. तुम्हाला आपला पासपोर्ट आणि त्यांचा व्हिसा, दोन्ही बरोबर हवेत. आणि हा लॅमिनेट करू नका. मूळ कागद लॅमिनेट केला की कुठे कुठे घेत नाहीत."

लॅमिनेशनचे ५० रुपये गेले. पोरगा तोंड वाकडं करतो.

तिसरी बाई फोनवर एक वेबसाइट दाखवते. सिंगापूरचं आगमन कार्ड, माणशी अडीच हजार. ताईंचा आवाज आज पहिल्यांदा चढतो. ते कार्ड फुकट आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, सिंगापूरच्या सरकारी साइटवर. जहाज परत आलं की पुन्हा भरायचं, तेही फुकट. "मी भरून दिलं तर पन्नास घेईन, टायपिंगचे. अडीच हजार कसले?"

१.४०
डबा. दोन पोळ्या, दोडका, मिरचीचा ठेचा. लाइट जाते. यूपीएस बीप बीप करतं. संगणक वाचवायचा म्हणून प्रिंटर बंद. गिऱ्हाईक दारात येतं आणि ताई चावता चावता हातानेच सांगतात, दहा मिनिटं.

मी विचारतो, तुम्ही कधी परदेशी गेलात? गेल्या होत्या, नेपाळला. तिथे आपल्याला पासपोर्टची गरज नाही, मतदार ओळखपत्र चालतं.

२.१५
शटर पोराच्या ताब्यात. ताई आणि त्या चोविसाव्या पासपोर्टच्या मालकीण काकू रिक्षाने वागळे इस्टेटला. काकूंचं वय ७१. मुदत जानेवारीत संपतेय, म्हणजे परतीनंतर तीनच महिने शिल्लक. गेल्या आठवड्यात ताईंनी पकडलं. तत्काळमध्ये टाकलंय: ३६ पानांचे १,५०० आणि तत्काळचे वर २,०००. ज्येष्ठांची दहा टक्के सूट फक्त पहिल्या पासपोर्टला मिळते, पुन्हा काढताना नाही. काकूंना हे पटलेलं नाही. रिक्षात त्या तेच बोलतात.

ताई पुन्हा एकदा फाइल पाहतात. जुना पासपोर्ट मूळ. त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या प्रती, प्रत्येकीवर सही. आधार. पर्समधून ग्लिसरिनची बाटली निघते. "काकू, बोटांना चोळा." आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांच्या रेघा पुसट होतात आणि मशीन त्या घेत नाही. चोळून, पुसून, मऊ झाल्या तर घेतं. निदान ताईंचा तसा अनुभव आहे.

दारावर ताईंना थांबवतात. आत फक्त अर्जदार. आजारी असतील तर सोबत चालते, पण काकू ठणठणीत आहेत आणि त्यांनी तसं सुरक्षारक्षकाला सांगूनही टाकलं.

बाहेर रस्त्यावर एक वेगळीच दुनिया. छत्र्या, चहाची टपरी, झेरॉक्सची गाडी, बॅगा सांभाळणारा. इथे झेरॉक्स ५ रुपये. ताई चहा घेतात, कटिंग १२ रुपये. बाकावर बसून फोनवर पोराला सांगतात, कुठल्या फाइलमध्ये कुठला फोटो.

३.५०
काकू बाहेर येतात, हातात पोचपावती. आत ए, बी, सी असे तीन काउंटर. ए वर फोटो आणि बोटं, बी वर कागदांची तपासणी, सी वर शेवटचा अधिकारी. "डाव्या अंगठ्याला तीनदा लावलं. फोटोत मी माझ्या सासूसारखी दिसते." पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येईल. पोस्टमन अर्जदाराच्याच हातात देतो, तेव्हा घरी थांबायचं, भजनाला जायचं नाही.

आता येतो तो ई-पासपोर्ट, मुखपृष्ठावर बारीक सोनेरी खूण आणि आत चिप. ताई बजावतात: याला स्टेपलर मारू द्यायचा नाही, कुणालाच. तिकीट जोडायला बुकिंगवाले मारतात.

रिक्षा परत, ७० रुपये. काकू द्यायला जातात. ताई म्हणतात, येतानाची तुमची, जातानाची माझी.

४.४५
दुकानात एक मुलगा थांबलाय. मालवणचा, बाविशीचा, मामाकडे कळव्याला राहतो. तोही क्रूझवरच निघालाय, पण तिकीट न काढता. हाउसकीपिंगमध्ये, नऊ महिन्यांचं कंत्राट.

प्रवाशाची फाइल बोटभर जाडीची असते. याची वितभर. पासपोर्ट. शिपिंग मास्टरकडून मिळणारं सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही. इंडोस नंबर. पाच कोर्सांची प्रमाणपत्रं: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरचं वागणं, सुरक्षा. वैद्यकीय दाखला. पीत ज्वराची लस, पिवळं कार्ड. ते २०१६ पासून एकदा घेतलं की जन्मभराचं. आणि अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा, फी १८५ डॉलर. कोर्सांचे पैसे मामाने भरले, व्हिसाचे बहिणीची चेन ठेवून.

त्याला चौकोनी फोटो हवाय. चष्मा काढायला सांगितल्यावर तो डोळे बारीक करतो. "डोळे मोठे कर रे बाळा. तिथे काय पाहायचंय ते पाहून घे," ताई म्हणतात. तिसऱ्या क्लिकला होतं. सगळ्या फायलीची झेरॉक्स दोन प्रतींत, ८८ पानं. हिशेब होतो २६४. ताई २०० घेतात. जहाजावर गेलास की पासपोर्ट तिथल्या ऑफिसात जमा होईल, म्हणून एक प्रत बॅगेत आणि एक मामाकडे. मूळ सीडीसीची प्रत आईला व्हॉट्सॲपवर.

तो मान हलवतो. फायलीला प्लास्टिकची पिशवी ताईच गुंडाळतात.

६.३०
ऑफिस सुटलेल्यांची गर्दी. पाच पॅनकार्डं, दोन भाडेकरार, शाळेचे दाखले, एकाचा परिचयपत्राचा फोटो. ही पासपोर्टची कामं नाहीत, पण भाडं यांच्यावरच निघतं. पोरगा मशिनीजवळ, ताई कीबोर्डवर. पासपोर्टचा एक नवा अर्ज भरून होतो, ३०० रुपये. फी भरताना ताई खुर्ची वळवून गिऱ्हाइकाला बसवतात. "कार्ड तुमचं, ओटीपी तुमचा. मला दाखवू नका."

७.४५
एजंटाचा मेल. पाचपाखाडीतलं सहा जणांचं एक कुटुंब पंधरा दिवसांनी निघतंय, त्यांचे सिंगापूरचे व्हिसा आलेत. प्रिंटर एकेक कागद बाहेर टाकतो. ताई पहिल्या कागदावर पट्टी ठेवतात आणि ओळीओळीने खाली सरकतात. नाव. पासपोर्ट नंबर, एकेक आकडा मोठ्याने; पोरगा पासपोर्टाची प्रत धरून त्याचे आकडे वाचतो. जन्मतारीख. मुदत. एंट्री.

मल्टिपल. मल्टिपल. मल्टिपल. मल्टिपल.

पाचव्यावर पट्टी थांबते. आजींचा. सिंगल.

पोरगा म्हणतो, "चालेल ना ताई? सगळे बरोबरच आहेत."

"सगळे बरोबर असले तरी आत एकेकच जातात."

एजंटाला फोन. तो उचलत नाही. मेसेज, कागदाचा फोटो, सिंगल या शब्दाभोवती लाल वर्तुळ. मग कुटुंबातल्या सुनेला फोन. हे ताई मेसेजवर टाकत नाहीत. आजींना घाबरवू नका, दोन आठवडे आहेत हातात, जहाजाचं बुकिंग ठळक जोडून पुन्हा टाकू. सून विचारते, तसंच गेलो तर? ताई सांगतात, जहाज कंपनी चढतानाच कागद पाहते. तिथे अडवलं तर आजी सिंगापूरच्या बंदरात आणि तुम्ही बोटीवर. आणि बोट थांबत नाही.

सहावा. मल्टिपल.

८.५०
हिशेब, सकाळच्या चाचणीच्या कागदामागे. गल्ल्यात १,१४०. फोनवर २,७३०. गटाचे पैसे वेगळे, ते काम पुरं झाल्यावर. यातून दिवसाचं भाडं, पोराचा पगार, शाई, कागद, लाइट, रिक्षा, चहा. हातात तेराशेच्या आसपास राहतात. रविवार धरून नाही.

ताई बाहेरच्या काचेवर एक नवा कागद चिकटवतात. दसऱ्याच्या आधी सगळे एकदम येतात म्हणून. त्यावर लिहिलंय: तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून तारीख बघा. मग आमच्याकडे या.

आजींचा अर्ज उद्या सकाळी पुन्हा जाईल. फी पुन्हा ३० सिंगापूर डॉलर. पहिली परत मिळत नाही.